दिवाडीचे चर्च आणि जीर्णोद्धाराचा पाठ

नवे जिनालय उभारण्यापेक्षा जुन्याचा जीर्णोद्धार करण्यात आठपट पुण्य आहे, असे आपल्याकडे परंपरेने सांगितले जाते. व्याख्यानांतून हे आपण वारंवार ऐकतो. तरीही गावोगावच्या संघांच्या बैठकांत जुन्या वास्तूचा विषय निघतो, तेव्हा ‘जीर्णोद्धार’ या शब्दाचा अर्थ नकळत पालटतो. सागवानी खांबांचा सभामंडप उतरवला जातो, चुन्यात बांधलेल्या जाड भिंती पाडल्या जातात, आणि त्या जागी मकराण्याच्या संगमरवराचे लखलखीत मंदिर उभे राहते. लासूर स्टेशनसारख्या रेल्वेच्या आणि बाजारपेठेच्या गावांत राहणाऱ्या आपल्या समाजाने, मराठवाड्यात आणि खानदेशात, असे कितीतरी सोहळे पाहिले आहेत. नवे मंदिर सुंदर असते, त्यामागील श्रद्धा निर्मळ असते आणि दानही उदार असते. प्रश्न एवढाच उरतो की, ज्या जीर्णाचा उद्धार करावयाचा होता, ते त्यात कोठे राहिले?

हा प्रश्न मनात घेऊन एखाद्या ख्रिस्ती चर्चच्या दर्शनास जावे, हे वाचकांना प्रथम विचित्र वाटेल. परंतु वास्तू जपण्याचे शास्त्र पंथ पाहत नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर टेकडीच्या माथ्यावर एक बरोक शैलीचे पॅरिश चर्च, म्हणजे गावकऱ्यांचे नित्य उपासनेचे चर्च, उभे आहे. ते, त्याच्या अलीकडील जुने गोवे आणि पलीकडील नार्वे, अशी तीन ठिकाणे एका दिवसात सावकाश पाहून होतात; आणि जुन्या वास्तूचे काय करावे नि काय करू नये, याचे तीन निरनिराळे पाठ तेथे वाचावयास मिळतात.

आपल्याकडून जाणारा प्रवासी मनमाडमार्गे मुंबई गाठतो आणि तेथून कोकण रेल्वेने करमळी स्थानकावर उतरतो. जुने गोवे तेथून अगदी जवळ आहे. मांडवीच्या काठी वसलेले हे नगर १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून जिंकले आणि पुढे आपल्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी केले. येथील चर्च व मठ यांच्या समूहास १९८६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. रस्त्याच्या एका बाजूस पांढरेशुभ्र से कॅथेड्रल आहे, तर समोरच्या बाजूस तांबूस-काळपट रंगाचे बॉम जेझूसचे बॅसिलिका. १५९४ मध्ये काम सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव ठेवलेले असल्यामुळे येथे नित्य गर्दी असते. बहुतेक यात्रेकरू तिच्या उघड्या दगडाकडे पाहून म्हणतात, ‘किती जुने वाटते!’

प्रत्यक्षात ते जुनेपण अलीकडचे आहे. तीनशेहून अधिक वर्षे ही वास्तू चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली, समोरच्या कॅथेड्रलसारखीच पांढरी होती. विसाव्या शतकाच्या मध्यास, १९५० च्या दशकात, बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तिचा गिलावा खरवडून काढण्यात आला. आतील दगड उघडा झाला की वास्तू अधिक प्राचीन, अधिक भव्य भासेल, अशी त्या काळची दृष्टी होती.

हा दगड म्हणजे जांभा. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की त्याच्या चिऱ्यांना सहज आकार देता येतो. हवा लागली की तो घट्ट होतो. त्यातील लोहामुळे त्याला तांबडा रंग येतो. पण तो सच्छिद्र असतो आणि पाणी शोषून घेतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि बॉम जेझूसची दर्शनी भिंत पश्चिमेकडे, म्हणजे पावसाच्या थेट माऱ्यात आहे. गिलावा हे त्या भिंतीचे अलंकरण नव्हते. ती तिची त्वचा होती. ती काढून घेतल्यापासून दरवर्षी दगड भिजतो, झिजतो, त्याचे कण सुटतात. गिलावा पुन्हा चढवावा, असा आग्रह आज अनेक जाणकार धरीत आहेत; तर दुसरीकडे लोकांच्या मनात तांबडे रूपच ‘मूळ’ म्हणून ठसले आहे. सद्हेतूने केलेल्या सुधारणेनेही वास्तूला इजा पोहोचू शकते, हा येथील पहिला पाठ.

त्याच परिसरातील एका टेकाडावर संत ऑगस्टिनच्या चर्चचे भग्नावशेष आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेले हे चर्च गोव्यातील अतिभव्य चर्चांपैकी एक होते. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांना बाहेर काढल्यावर मठ ओस पडला. नित्याची डागडुजी थांबली आणि केवळ सात वर्षांत, १८४२ मध्ये, त्याचे छत कोसळले. पुढे १९३१ मध्ये दर्शनी भिंतीचा मोठा भाग पडला. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धवट मनोरा तेवढा उभा आहे. एवढा प्रचंड खर्च, एवढे कारागीर, एवढी कीर्ती. परंतु पावसाळ्यापूर्वी कौले चाळणारा माणूस उरला नाही, तेव्हा त्यांपैकी काहीही कामास आले नाही.

तेथून खाली नदीकडे उतरताना १५९९ मध्ये उभारलेली व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने ती बांधविली. कमानीपलीकडे धक्का आहे, आणि तेथून फेरीबोट मांडवी ओलांडून काही मिनिटांत दिवाडी बेटावर पोहोचविते. अलीकडे वाहनांचा कोलाहल, तर पलीकडे खारफुटी, भातशेते आणि पांढरे बगळे. बेटावर फारशी वस्ती दिसत नाही. रस्ता शेतांमधून पिएदादे या गावाकडे जातो आणि मग टेकडी चढू लागतो.

या टेकडीचा इतिहास सरळ नाही. दिवाडी हे कदंब राजांच्या काळातील मोठे तीर्थक्षेत्र होते. कदंबांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर याच बेटावर नांदत होते. त्याचे नाव त्या राजांच्या नाण्यांवरही आढळते. पोर्तुगीज सत्ता स्थिरावल्यावर, १५४० च्या सुमारास, तिसवाडीतील देवळे पाडली गेली. भाविकांनी काही देव रात्रीच्या अंधारात नदीपलीकडे नेले. ज्या टेकडीवर आज चर्च आहे, तेथेही पूर्वी देऊळ होते, असे मानले जाते. हे दुःख झाकून या चर्चविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तसेच, ते सांगून तेथेच थांबणे अपुरे ठरेल. कारण पुढील चारशे वर्षे या टेकडीवर ज्यांनी प्रार्थना केली, ते याच मातीतील, कोकणी बोलणारे लोक होते. एका वस्तूला अनेक बाजू असतात आणि त्या सर्व एकदम खऱ्या असू शकतात, हे अनेकान्ताच्या अनुयायांना निराळे सांगावयास नको.

चर्चचे नाव ‘नोसा सेन्योरा द पिएदादे’, म्हणजे करुणामयी माता. क्रुसावरून उतरविलेला मृत पुत्र मांडीवर घेतलेल्या मरियेचे हे रूप. सोळाव्या शतकातील पहिल्या चर्चच्या जागी आजची वास्तू अठराव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. तिची रचना आंतोनियो जुआंव द फ्रियास या धर्मगुरूंची मानली जाते. ते पोर्तुगालहून आलेले नव्हते, ते गोमंतकीय होते. १७०२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘आउरेओला दोस इंदियोस’ हा ग्रंथ भारतीयांच्या, विशेषतः आपल्या ब्राह्मण कुळपरंपरेच्या, थोरवीचा कैवार घेणारा आहे. परकीय सत्तेखाली, तिचाच धर्म स्वीकारूनही, हा मनुष्य आपल्या पूर्वजांविषयी अभिमानाने लिहीत होता आणि त्याच सुमारास या टेकडीवर चर्च आकार घेत होते. ती वास्तू पाहताना हे ध्यानी ठेवावे.

‘बरोक’ हा शब्द वेडावाकडा मोती या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून आला, असे मानतात. मोत्यांच्या व्यापाराशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध असलेल्या आपल्या वाचकांना ही व्युत्पत्ती रुचेल. सतराव्या शतकात रोममध्ये बहरलेल्या या शैलीत सरळ रेषेपेक्षा वळणाला, शांततेपेक्षा गतीला महत्त्व असते. पिळदार खांब, सोन्याचा वर्ख, मधूनच पडणारा प्रकाशाचा झोत यांनी भाविक भारावून जावा, हा तिचा उद्देश. दिवाडीच्या चर्चची दर्शनी भिंत तीन मजली असून दोहो बाजूंस मनोरे आहेत. भिंतीला चिकटून वर चढत जाणारे अर्धस्तंभ आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या पट्ट्या यांच्यामुळे ती चित्राच्या चौकटींसारखी विभागली जाते. उन्हात या उठावांची सावली पांढऱ्या चुन्यावर पडते आणि सकाळपासून सायंकाळपर्यंत भिंतीचा चेहरा बदलत राहतो. रंग एकच, पांढरा. नक्षी उमटवितो तो प्रकाश.

आत शिरताच लांबट प्रार्थनागृह आणि त्याच्या टोकाशी मुख्य वेदी दिसते. वेदीमागे लाकडात कोरलेली, सोन्याचा वर्ख दिलेली उंच पडदी आहे. आपल्या गाभाऱ्यातील प्रभावळीची आठवण व्हावी, अशीच तिची योजना: मध्यभागी पूज्य मूर्ती आणि भोवती पानाफुलांचा वेल. छतावर व भिंतींवर चुनेगच्चीचे नक्षीकाम आहे. अशी कामे करणारे कारागीर स्थानिक असत, आणि त्यांचा हात जुन्या वळणानेच चाले. गोव्यातील अनेक चर्चांमध्ये प्रवचनाच्या व्यासपीठाच्या तळाशी नागिणीच्या आकृती कोरलेल्या आढळतात. भगवान पार्श्वनाथांच्या मस्तकी धरणेंद्राची फणा आणि शेजारी पद्मावती पाहत वाढलेल्या डोळ्यांना त्या ओळखीच्या वाटतात. गोव्यातील चर्च म्हणजे युरोपातून आणून ठेवलेली वास्तू नव्हे. ती येथील लोकांची स्वतंत्र निर्मिती आहे, असे प्रतिपादन पाउलो वारेला गोमेश या पोर्तुगीज अभ्यासकाने २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. त्या ग्रंथाचे नावच पांढरी सफेदी आणि तांबडा दगड या दोहोंवरून ठेवलेले आहे.

चर्चलगतच्या दफनभूमीत एक लहानशी उपासनागृहासारखी वास्तू आहे. कदंबकालीन देवळाचा तो उरलेला भाग मानला जातो. कोरीव दगड, प्राचीन धाटणीचे छत. आणि भोवती ख्रिस्ती कबरी. पाडणाऱ्यांनी पाडताना एवढे का ठेवले, हे दगड सांगत नाहीत. पण त्यानंतरच्या पिढ्यांनी ते उपयोगात ठेवले, म्हणूनच ते टिकले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. तिकडे राजधानीतील भव्य चर्च कोसळले आणि इकडे खेड्यातील चर्च तीनशे वर्षांनंतरही निकोप राहिले, हे कसे? गोव्यातील गावांची जमीन ‘गावकरी’ नावाच्या प्राचीन ग्रामसंस्थेच्या सामाईक मालकीची असे. पोर्तुगीजांनी तिला ‘कोमुनिदाद’ म्हटले. ही संस्था पूर्वी देवळाचा खर्च चालवी. धर्मांतरानंतर तीच चर्चचा चालवू लागली. शेताच्या उत्पन्नातून उत्सव, दिवाबत्ती आणि डागडुजी होई. दाता एकटा नव्हता. अवघा गाव होता. पावसाळा सरला की भिंतींची तपासणी, जेथे गिलावा फुगला असेल तेथे तो काढून नवा भरणे आणि मग चुन्याची सफेदी, असा क्रम गोव्यातील गावोगावी पडून गेला होता. चुना मुख्यतः रिकाम्या शिंपल्या भाजून केला जाई. आपल्याकडे तो चुनखडी भाजून आणि घाणीत मळून केला जात असे. दोहोंचा गुण एकच. चुन्याचा गिलावा पावसाला अडवितो, परंतु भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू देतो. सिमेंट हे करीत नाही. जुन्या भिंतीवर सिमेंट लिंपले की ओल आत कोंडते, दगड कुजतो आणि काही वर्षांनी सिमेंटसह भिंतीचा पापुद्राच गळून पडतो.

येथे आपल्या आचाराचाही एक धागा आहे. ओलसर भिंतीवर शेवाळ आणि बुरशी धरते. आपल्या शास्त्रदृष्टीने ते अनंतकाय जीव. ते वाढू देणे आणि मग खरवडून काढणे, दोन्ही दोषास्पद. भिंत मुळात कोरडी राहील अशी व्यवस्था करणे, हीच जीवदया. ज्या पूर्वजांनी देरासरांना आणि स्थानकांना वर्षानुवर्षे चुना लावला, त्यांच्या मनात ही गोष्ट असावीच.

दिवाडीच्या दुसऱ्या टोकाकडून आणखी एक फेरीबोट नदीपलीकडील नार्वे गावी जाते. बेटावरून हलविलेला सप्तकोटेश्वर येथेच विसावला. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख दारावर आहे. कौलारू उतरते छप्पर, त्यावर घुमट, पुढे दीपस्तंभ आणि भिंतींना चुन्याचा गिलावा. अलीकडे वास्तू पुन्हा जीर्ण झाली, तेव्हा गोवा शासनाने ती पाडली नाही. जुने रूप राखून तिची दुरुस्ती केली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती भाविकांसाठी पुन्हा खुली झाली. एका तीरावर चर्च, दुसऱ्या तीरावर देऊळ. दोहोंना वाचविणारा चुना तोच.

आणि याच नार्वे गावात ‘जैनकोट’ म्हणून ओळखले जाणारे एक स्थान आहे. जांभ्याच्या भिंतींचे अवशेष, भोवती झाडी. गोव्यात एकेकाळी आपला समाज नांदत होता, याच्या खुणांपैकी ही एक. सांखळीजवळच्या कुडणे येथे ‘गुजीर’ नावाने ओळखले जाणारे जैन मंदिराचे अवशेष आहेत. ते नाव गुजराती व्यापाऱ्यांवरून पडले, असे म्हणतात. फोंडा तालुक्यातील बांदिवडे येथे भगवान नेमिनाथांच्या बस्तीचे भग्नावशेष आहेत. तिन्ही ठिकाणी दगड तोच जांभा. तेथे श्रावक होते तोवर कौले चाळली गेली असतील, सफेदी झाली असेल. व्यापाराचे मार्ग बदलले, माणसे पांगली, आणि पाऊस तेवढा दरवर्षी येत राहिला. दिवाडीचे पांढरे चर्च पाहून आलेल्या डोळ्यांना जैनकोटच्या भिंती पाहवत नाहीत. तेथे कोणी घाव घालताना दिसत नाही, कोणावर राग धरावा तर तोही धरता येत नाही. केवळ एक वर्ष कोणी आले नाही, मग दुसरे वर्ष, मग तिसरे.

यासाठी गोव्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. लासूरकरांना वेरूळ शेजारचेच. कैलास लेणे आज काळ्या कातळाचे दिसते. एकेकाळी त्यावर पांढरा गिलावा आणि रंग होते, त्यांचे तुकडे अजून टिकून आहेत. त्याच डोंगरातील आपल्या जैन लेण्यांत, इंद्रसभेत आणि तिच्या शेजारी, छताच्या गिलाव्यावरील चित्रे मान वर करून पाहावीत. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने कातळावरही गिलाव्याचा थर दिला होता. ज्या थराला आपण आज ‘जुनाट पोपडे’ म्हणून खरवडून टाकतो, त्यातच कित्येकदा वास्तूचे खरे वय दडलेले असते.

प्रवासाविषयी थोडे. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या भागासाठी उत्तम. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना आत फिरू नये; खांदे आणि गुडघे झाकणारा वेष असावा आणि छायाचित्रापूर्वी विचारावे. आपल्या देरासरात परक्याकडून आपण जी मर्यादा अपेक्षितो, तीच येथे पाळावी. बेटावर शुद्ध शाकाहारी भोजनाची खात्री नाही. म्हणून डबा व उकळलेले पाणी सोबत ठेवावे. चौविहार सांभाळणाऱ्यांनी सकाळीच जुने गोवे उरकून दुपारपूर्वी दिवाडी गाठावी, म्हणजे नार्व्याहून सूर्यास्तापूर्वी मुक्कामी परतता येते.

शेवटी आपल्या संघांच्या विश्वस्तांस एक विनंती. जुन्या वास्तूचा विषय पुढील बैठकीत येईल, तेव्हा नव्या मंदिराचा आराखडा मागविण्याआधी जुन्याची नीट पाहणी करवून घ्यावी. भिंत कशाची आहे, गिलावा कशाचा आहे, पाणी कोठून मुरते, लाकडाला वाळवी आहे की नुसती धूळ, हे चुन्याचे काम जाणणाऱ्या माणसास दाखवावे. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, लेख उतरवून ठेवावेत. वास्तू खरोखरच वाचण्याजोगी नसेल, तर नवे अवश्य बांधावे. पण वाचण्याजोगी असेल, तर शिलान्यासाच्या मोठ्या बोलीइतकेच मोल वार्षिक सफेदीच्या लहानशा बोलीला द्यावे. पर्युषणात स्वप्नांची बोली होते, आरतीची होते. एक बोली गळकी कौले बदलण्याची आणि भिंतींना चुना लावण्याची का असू नये? आठपट पुण्याचे जे वचन आपण ऐकतो, ते बहुधा याच कामाविषयी आहे.

जय जिनेंद्र.